चाळीस लाखांचा हिवाळा

१९३३ चा ऑक्टोबर संपत आला होता. लोरेना हिकॉक ही पत्रकार अमेरिकेच्या उत्तर टोकाला, नॉर्थ डकोटात फिरत होती. एका लहानशा चर्चमध्ये सरकारी मदतीसाठी शेतकरी जमले होते. हिकॉक आतले बोलणे आटोपून बाहेर आली तेव्हा तिच्या मोटारीत शेतकरी दाटीवाटीने बसलेले दिसले, काचा वर करून. बाहेरच्या वाऱ्यात उभे राहता येईल असे कपडे त्यांच्या अंगावर नव्हते. पुढे साऊथ डकोटात तिला उघडीनागडी पोरे दिसली, थंडीने पावले जांभळी पडलेली. गुरांनाही नाइलाजाने घालायचे काटेरी तण माणसे शिजवून खात होती.

हे सारे ती पत्रांतून वॉशिंग्टनला कळवत होती. तिला या कामावर नेमणाऱ्या, सरकारी मदतखात्याचा प्रमुख असलेल्या हॅरी हॉपकिन्सने जुलैतच बजावले होते की, आकडे नकोत, समाजसेवकांची भाषा नको. साधी नागरिक म्हणून जे दिसेल आणि जे वाटेल ते लिही. आकडे त्याच्याकडे होतेच. देशात जवळजवळ सव्वा कोटी माणसे बेकार होती, म्हणजे काम करू शकणाऱ्या दर चौघांतला एक. शेअर बाजार कोसळून चार वर्षे झाली होती आणि लोकांनी साठवलेले, उसने मिळालेले, गहाण टाकून आणलेले सगळे एव्हाना संपले होते. हिकॉकची पत्रे सांगत होती ते वेगळेच. येणारा हिवाळा ही माणसे काढू शकणार नव्हती.

त्या हिवाळ्यात सरकारने जे केले, ते विसाव्या शतकातल्या लोकशाही राज्यकारभारातले मला सर्वांत धाडसी काम वाटते. ते पाच महिनेही टिकले नाही, आणि त्यामुळेच पुढच्या मोठ्या, दीर्घायुषी योजनांच्या सावलीत ते झाकले गेले.

त्याआधी मदत कशी मिळत असे ते पाहिले पाहिजे. हर्बर्ट हूव्हर अध्यक्ष असताना गरिबांना सांभाळणे ही गावाची, चर्चची, धर्मादाय संस्थांची जबाबदारी समजली जाई. हूव्हर स्वतः पहिल्या महायुद्धात बेल्जियमच्या भुकेल्यांना अन्न पोचवून जगात नाव मिळवलेला माणूस होता, तो निर्दय नव्हता. पण केंद्र सरकारने थेट लोकांच्या हातात पैसा दिला तर त्यांचे स्वावलंबन मरेल, अशी त्याची खोल श्रद्धा होती. १९३२ च्या जुलैत त्याने राज्यांना मदतीसाठी ३० कोटी डॉलर देण्याच्या कायद्यावर सही केली, तेही कर्ज म्हणून. तोवर शहरांच्या तिजोऱ्या रिकाम्या झाल्या होत्या.

मार्च १९३३ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट आला. मे महिन्यात ५० कोटी डॉलरची मदत मंजूर झाली, हे कर्ज नव्हते. ती वाटण्यासाठी ‘फेडरल इमर्जन्सी रिलीफ ॲडमिनिस्ट्रेशन’ हे खाते निघाले आणि त्याचा प्रमुख म्हणून हॉपकिन्स न्यूयॉर्कहून आला. आयोवातल्या घोड्यांचे खोगीर-लगाम करणाऱ्याचा हा मुलगा. कॉलेज संपताच न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या गरीब वस्तीत समाजसेवेला लागला होता आणि रूझवेल्ट गव्हर्नर असताना त्या राज्याची बेकारांसाठीची मदत त्यानेच चालवली होती. प्रकृती तोळामासा, सिगारेट सतत पेटलेली, बोलणे तोडून टाकणारे. २२ मे रोजी खुर्चीवर बसला आणि पहिल्या दोन तासांत ५० लाखांहून अधिक डॉलर राज्यांना मंजूर करून मोकळा झाला. दूरवर विचार करता अर्थव्यवस्था आपोआप सावरेल असे त्याला कोणी सांगितले, तेव्हा माणसे दूरवर जेवत नाहीत, रोज जेवतात, असे तो म्हणाल्याचे सांगतात.

पैसा सुटला, पण तो घरापर्यंत पोचण्याची वाट जुनीच राहिली, आणि हॉपकिन्सला खुपत होती ती वाट. मदत हवी असलेल्या माणसाने आधी आपण निष्कांचन असल्याचे सिद्ध करायचे. मग चौकशी अधिकारी घरी येई. बँकेत काही आहे का, विम्याची पॉलिसी आहे का, कोणी कमावते नातेवाईक आहेत का, कपाटात काय आहे, चुलीवर काय आहे, हे सगळे तो विचारी आणि लिहून घेई. त्यातून पार पडले तर बऱ्याच ठिकाणी रोख पैसे मिळतच नसत, किराणावाल्याच्या नावाची चिठ्ठी मिळे. ती घेऊन दुकानात उभे राहायचे, शेजारच्यांच्या देखत. चिठ्ठीवर जे लिहिले असेल तेच घ्यायचे; मुलासाठी बूट किंवा दाढीचे पाते त्यात बसत नसे. मे १९३३ मध्ये एका कुटुंबाला सरासरीने मिळणारी मदत महिन्याला १५ डॉलरच्या आसपास होती. ज्यांनी वीस-वीस वर्षे गिरणीत, खाणीत, बँकेत इमानाने काम केले, त्यांना हे घ्यावे लागत होते. कित्येक जण ते घ्यायला येतच नव्हते, आणि उपासमारीइतकीच ही न येणाऱ्यांची संख्या हॉपकिन्सला सलत होती. बेकारी हा माणसाच्या स्वभावातला दोष नाही, हे त्याने लोअर ईस्ट साइडच्या जिन्यांवर चढउतार करताना पाहिले होते. मग त्याची शिक्षा कशाची?

सरकारपाशी दुसरा मार्ग कागदावर होता. जूनमध्ये सार्वजनिक बांधकामांसाठी तब्बल ३३० कोटी डॉलर मंजूर झाले होते आणि ‘पब्लिक वर्क्स ॲडमिनिस्ट्रेशन’ हे खाते अंतर्गत व्यवहार मंत्री हॅरॉल्ड इक्सकडे होते. इक्स कमालीचा प्रामाणिक. एक डॉलरही कंत्राटदाराच्या खिशात वाकड्या वाटेने जाऊ नये म्हणून प्रत्येक नकाशा, प्रत्येक करारपत्र स्वतः तपासायचा. ग्रँड कूलीचे धरण, न्यूयॉर्कचा ट्रायबरो पूल अशी पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी कामे त्याच्या खात्यातून उभी राहिली, आणि त्यांत घोटाळा सापडला नाही, हे त्याचे मोठेच यश आहे. पण धरणाचा आराखडा व्हायला, निविदा उघडायला, यंत्रे यायला महिने लागतात. थंडी पंधरा दिवसांवर आली होती.

हॉपकिन्सचा साहाय्यक ऑब्री विल्यम्स याने सुचवले की, मदत सोडून सरकारने सरळ नोकरीच द्यावी. कंत्राटदार मध्ये नको, सरकारनेच माणसे लावायची आणि सरकारनेच पगार द्यायचा. कामगार संघटना याला विरोध करतील, ही हॉपकिन्सला धास्ती होती. तेव्हा विस्कॉन्सिनचे वृद्ध अर्थशास्त्रज्ञ जॉन कॉमन्स यांच्या जुन्या संग्रहातून एक गोष्ट वर आली. अमेरिकन कामगार चळवळीचा पितामह सॅम्युअल गाँपर्स याने १८९८ मध्ये नेमकी अशीच योजना मागितली होती. हॉपकिन्सला आणखी काही नको होते. अध्यक्षांबरोबर जेवायला बसला असताना त्याने विषय काढला. रूझवेल्टने विचारले, किती जणांना काम लागेल? चाळीस लाख. रूझवेल्टने मनाशी हिशेब केला आणि इक्सच्या खात्यातले ४० कोटी डॉलर इकडे वळवायचे ठरले. ९ नोव्हेंबर १९३३ रोजी ‘सिव्हिल वर्क्स ॲडमिनिस्ट्रेशन’ अस्तित्वात आले. १५ नोव्हेंबरला राज्याराज्यांचे गव्हर्नर आणि शहरांचे महापौर वॉशिंग्टनला बोलावून त्यांना सांगितले गेले की, कामे सुचवा आणि उद्यापासून माणसे लावा.

चाळीस लाखांपैकी निम्मे आधीच मदतीच्या यादीवर होते, ते तसेच कामावर घेतले गेले. उरलेले निम्मे कोणीही असू शकत होते. काम नाही आणि काम करायची तयारी आहे, एवढे पुरेसे होते. घरी कोणी येणार नव्हते, कपाट उघडून दाखवायचे नव्हते. रोजगार कचेऱ्यांपुढे लागलेल्या रांगांत पोलिसांना गर्दी आवरावी लागे. त्यांत असे हजारो लोक होते ज्यांनी चार वर्षांत मदतीचा अर्ज एकदाही केला नव्हता.

आठवड्याला जास्तीत जास्त तीस तास काम. अकुशल मजुराला दक्षिणेत तासाला ४० सेंट, मधल्या राज्यांत ४५, उत्तरेत ५०. कुशल कारागिराला तासाला एक डॉलर किंवा थोडे अधिक. म्हणजे फावडे मारणाऱ्या माणसाच्या हातात आठवड्याला १२ ते १५ डॉलर पडणार. आधी महिनाभराची मदत जेवढी होती, तेवढे जवळपास एका आठवड्यात, आणि तेही रोख. त्यातून त्याने मुलाचे बूट घ्यावेत, भाडे द्यावे की सिगारेट ओढावी, हा त्याचा प्रश्न.

आपल्याकडच्या वाचकाला इथे १९७२ च्या दुष्काळातली कामे आणि वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून आलेली रोजगार हमी आठवेल, आणि ती आठवण योग्य आहे. तिथेही दारिद्र्याचा दाखला कोणी मागत नव्हते. मस्टरवर नाव लावायचे आणि खडी फोडायला बसायचे. पण मजुरी इतकी बेताची आणि काम इतके कष्टाचे की, ज्याला खरोखर गरज आहे तोच येईल, अशी त्या योजनेची रचना होती. परीक्षा घरातून उठून कामाच्या जागेवर गेली होती. हॉपकिन्सने त्या हिवाळ्यापुरती दोन्ही परीक्षा काढून टाकल्या, चौकशीही आणि अपुरी मजुरीही. हे माझ्या माहितीत तरी इतक्या मोठ्या प्रमाणावर पुन्हा कुठे झालेले नाही.

आता पगार वाटायचा कसा? इतकी माणसे एका दमात नेमली तर त्यांना दर आठवड्याला चेक देणारी यंत्रणा कोणाकडे होती? हॉपकिन्सने माजी सैनिकांना निवृत्तिवेतन देणारे केंद्रीय खाते हाताशी धरले, कारण देशभर नियमित पैसे पाठवण्याची सवय असलेली सर्वांत मोठी कचेरी तीच होती. ९ नोव्हेंबरच्या हुकुमानंतर पंधरवड्यातच आठ लाखांहून अधिक लोक पगारपत्रकावर होते. जानेवारी १९३४ च्या मध्याला आकडा ४२ लाखांच्या पुढे गेला. दहा आठवड्यांत! पहिल्या महायुद्धात इतके सैनिक उभे करायला अमेरिकेला याहून कितीतरी अधिक काळ लागला होता.

फ्रँक वॉकर हा रूझवेल्टचा विश्वासू माणूस. हॉपकिन्सबद्दल कुरबुरी ऐकू येऊ लागल्या तेव्हा अध्यक्षांनी त्याला गुपचूप पाहून यायला पाठवले. वॉकर आपल्या गावाकडे, माँटानात गेला. तिथे रस्त्याच्या कडेला चर खणताना आणि सांडपाण्याचे पाइप टाकताना त्याला त्याचेच शाळासोबती दिसले. कचेरीत जायच्या सुटात ते चिखलात उभे होते, कारण कामाचे कपडे आणि रबरी बूट घ्यायला पैसे नव्हते. हे वाईट वाटण्यासारखे दृश्य, असे वॉकरला वाटले होते. पण त्यांच्यातल्या एकाने खिशातून चांदीची नाणी काढून त्याला दाखवली: दीड वर्षात हातात आलेले हे पहिले पैसे. वॉकरने परत येऊन अध्यक्षांना सांगितले की, हॉपकिन्सवर टीका करणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

काय काय केले या लोकांनी? रस्ते, मुख्यतः रस्ते. अडीच लाख मैलांहून अधिक रस्ते बांधले किंवा दुरुस्त केले. सुमारे ४० हजार शाळा बांधल्या किंवा डागडुजी केल्या. पाचशेच्या आसपास नवे विमानतळ. दक्षिणेत हिवतापाच्या दलदली उपसल्या, खेड्यांत लाखाच्या वर संडास बांधले. या शेवटच्या कामाची वर्तमानपत्रांनी फार थट्टा केली, पण ज्या गावात विहिरीशेजारी घाण साचते तिथे या एका कामाची किंमत धरणाहून कमी नसते. पगार थकलेल्या, बंद पडलेल्या ग्रामीण शाळांत ५० हजार शिक्षक पुन्हा वर्गात गेले. चित्रकारांनाही याच पैशातून काम मिळाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॉइट टॉवरमधली भित्तिचित्रे या हिवाळ्याची आहेत. कलावंतही माणसेच, त्यांनाही जेवावे लागते, हे हॉपकिन्सचे त्यावरचे उत्तर होते.

स्त्रियांच्या वाट्याला मात्र थोडेच आले. २० नोव्हेंबरला अध्यक्षांची पत्नी एलिनॉर रूझवेल्ट हिने व्हाइट हाउसमध्ये खास बैठक घेतली, हॉपकिन्सच्या खात्यातल्या मिसिसिपीच्या एलन वुडवर्डने शिवणकाम, परिचर्या, ग्रंथालये अशी कामे राज्याराज्यांत मंजूर करून घेतली. तरी एकूण कामगारांत स्त्रिया दशांशही नव्हत्या. रस्ता म्हणजे काम आणि शिवण म्हणजे सोय, ही समजूत मुकादमांपासून गव्हर्नरांपर्यंत सगळ्यांची होती.

कृष्णवर्णीयांचा प्रश्न त्याहून कडू होता. हुकूम स्पष्ट होता की, दर सर्वांना सारखा. पण कामावर कोणाला घ्यायचे हे गावातल्या गोऱ्या समित्या ठरवत, आणि कित्येक ठिकाणी काळ्या माणसाला कुशल काम येत असूनही फावडेच दिले जाई. असे असूनही दक्षिणेतले मळेवाले संतापले. शेतमजुराला दिवसाचे पन्नास सेंट देऊन राबवणाऱ्या प्रदेशात तासाला ४० सेंट देणारे सरकार आले, तर शेतावर कोण येणार? जॉर्जियाचा गव्हर्नर यूजीन टॅलमेज याने असल्या तक्रारी थेट अध्यक्षांकडे धाडल्या. या लोकांना योजनेचा राग होता तो पैसा वाया जातो म्हणून नव्हे. गरजेपोटी मिळेल ती मजुरी घेणारा माणूस त्या हिवाळ्यात नाही म्हणू शकत होता, हे त्यांना सहन होत नव्हते. दुसऱ्या बाजूला, कॅन्ससचा गव्हर्नर आल्फ लँडन विरोधी पक्षाचा, पुढे १९३६ मध्ये रूझवेल्टविरुद्ध अध्यक्षपदासाठी उभा राहिलेला. त्याने मात्र या योजनेची मनापासून स्तुती करणारे पत्र लिहिले.

भ्रष्टाचार झाला का? झाला. इतक्या घाईत, इतक्या गावांत, स्थानिक पुढाऱ्यांच्या हातून माणसे भरताना काही ठिकाणी नावे पक्षाच्या यादीतून आली, काही ठिकाणी फावड्यांपेक्षा माणसे जास्त झाली. हॉपकिन्सने ते दडपले नाही. स्वतःच चौकशी लावली, माणसे काढली. युद्धखात्याने नेमलेल्या लेफ्टनंट कर्नल ली या अधिकाऱ्याने सगळा कारभार बारकाईने पाहिला आणि हॉपकिन्सच्या लोकांची निष्ठा व वेग यांबद्दल आदराने लिहिले. लष्करी माणसाने एका समाजसेवकाच्या कचेरीबद्दल तसे लिहावे, याला वजन आहे.

तो हिवाळा खरोखरच भयंकर निघाला. ९ फेब्रुवारी १९३४ रोजी न्यूयॉर्कमध्ये पारा उणे २६ अंशांवर गेला; त्या शहराच्या नोंदींतला तो सर्वांत थंड दिवस. पण तोवर योजनेचे दिवस भरत आले होते. खर्च अंदाजाबाहेर गेला होता आणि जानेवारीतच शहरांत कामाचे तास आठवड्याला २४ वर, खेड्यांत १५ वर आणले गेले. रूझवेल्टला पैशापेक्षाही एक भीती मोठी वाटत होती: ही सवय झाली तर सरकारला कायमचे मालक व्हावे लागेल. उन्हाळ्याच्या दिवसांत कोणी उपाशी मरत नाही, असे तो आपल्या सहकाऱ्यांना म्हणाला. लोकांच्या पत्रांचा आणि तारांचा पाऊस पडला, योजना चालू ठेवा म्हणून. तरी दक्षिणेत फेब्रुवारीपासून माणसे कमी करायला सुरुवात झाली आणि ३१ मार्च १९३४ रोजी सगळे थांबले. सरकारचे ८० कोटींहून अधिक डॉलर खर्च झाले होते, त्यातला मोठा वाटा थेट मजुरीत गेलेला.

मला इथे रूझवेल्टचा निर्णय चूक वाटतो, त्याची बाजू समजून घेऊनही. ज्यांच्याकडे दारिद्र्याचा दाखला होता ते मदतखात्याच्या कामांवर गेले. ज्यांनी केवळ काम हवे म्हणून नाव नोंदवले होते, ते पुन्हा होते तिथे आले: घर विका, विमा मोडा, मग या.

हॉपकिन्सने आज्ञा पाळली, कुरकुर बाहेर येऊ दिली नाही, आणि पुढच्या वर्षी जास्त मोठी योजना पदरात पाडून घेतली. एप्रिल १९३५ मध्ये ४८८ कोटी डॉलर मंजूर झाले आणि ‘वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन’ सुरू झाले. आठ वर्षांत ८५ लाख लोकांनी त्यात काम केले, साडेसहा लाख मैल रस्ते झाले, केंटकीच्या डोंगरांत घोड्यावरून पुस्तके पोचवणाऱ्या बायका याच पगारावर होत्या. गुलामगिरी स्वतः भोगलेल्या दोन हजारांहून अधिक वृद्धांच्या मुलाखती याच खात्यातल्या बेकार लेखकांनी घेतल्या. त्या झाल्या नसत्या तर ते आवाज कायमचे गेले असते. अमेरिकेला सरकारी कामांची आठवण आहे ती याच योजनेची. पण तीत चौकशी अधिकारी परत आला होता. दहातले नऊ जण मदतीच्या यादीवरूनच घ्यायचे, एका घरातून एकच माणूस, आणि तासाच्या बाजारभावाऐवजी महिन्याचा ठरावीक ‘सुरक्षा पगार’, सुरुवातीला १९ ते ९४ डॉलर, जागा आणि कौशल्य पाहून. सर्वाधिक म्हणजे ३३ लाख माणसे नोव्हेंबर १९३८ मध्ये या योजनेवर होती. पूर्ण बळावर असतानाही ती १९३४ च्या जानेवारीतल्या आकड्यापर्यंत पोचली नाही.

ही योजना सुरू होण्याआधीच, जानेवारी १९३५ मध्ये, अध्यक्षांनी नेमलेल्या आर्थिक सुरक्षा समितीने अहवालात लिहिले होते की, बेकारी विम्याबरोबरच काम मिळण्याची हमीही असली पाहिजे. ऑगस्टमध्ये कायदा झाला, त्यात विमा आला, वृद्धांचे निवृत्तिवेतन आले, हमी गळली. १९४४ मध्ये रूझवेल्टने स्वतःच नव्या हक्कांची यादी काँग्रेसपुढे मांडली, आणि त्यात पहिला हक्क उपयुक्त, पुरेसा मोबदला देणाऱ्या कामाचा होता. दहा वर्षांपूर्वी ज्या सवयीची त्याला भीती वाटली होती, तिला आता तो हक्क म्हणत होता. १९४५ मध्ये पूर्ण रोजगाराचे विधेयक आले. काम करू शकणाऱ्या प्रत्येकाचा कामावर हक्क आहे, असे त्यात सरळ लिहिले होते. चर्चेत ते वाक्य गेले, नावातला ‘पूर्ण’ हा शब्दही गेला. उरलेल्या कायद्यावर २० फेब्रुवारी १९४६ रोजी हॅरी ट्रूमनने सही केली. रूझवेल्ट आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये गेला होता, आणि हॉपकिन्सला जाऊन तीन आठवडे झाले होते.